अल बोली : लेबलवर नाव नसलेला आवाज

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो, भांडण तर हमखास मराठीतच होतं, पण मराठीत सलग चार पानं लिहिली ती दहावीच्या बोर्डाला आणि त्यानंतर थेट आज. मॅगझिन कमिटीतल्या सिनिअर ताईने मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हणून पिच्छाच पुरवला, तेव्हा मी ज्याच्यावर लिहायचं ठरवलं त्याचा मराठीशी काडीचाही संबंध नाही. फक्त आडनाव मराठी वाटतं. बोली! अल बोली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादकांना धरा.

तर झालं असं. तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डमधली खरखर कॉम्प्युटरवर काढून टाकायचा विषय घेतला. टेस्टिंगला एखादं जुनं, फुकट मिळणारं आणि कॉपीराइटची भानगड नसलेलं गाणं हवं होतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९३० च्या दशकातलं काहीही चाललं असतं. रूममेटने आदल्याच रात्री 'द शायनिंग' पाहिला होता. ती म्हणाली, त्याच्या शेवटी वाजतं ते गाणं घ्या, भयानक आहे.

पिक्चर १९८० चा, स्टॅन्ली कुब्रिकचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढच्या दोन ओळी सोडून द्या. शेवटी कॅमेरा हॉटेलच्या भिंतीवरच्या एका जुन्या फोटोकडे सरकत जातो, फोटोखाली तारीख असते ४ जुलै १९२१, आणि मागे 'मिडनाइट, द स्टार्स अँड यू' वाजत असतं. आम्ही पडलो इंजिनिअर, त्यामुळे घाबरायच्या ऐवजी आधी तारीख तपासली. ते गाणं रेकॉर्ड झालं १६ फेब्रुवारी १९३४ ला. फोटोपेक्षा गाणं तेरा वर्षांनी लहान! कुब्रिकला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याला तो आवाज हवा होता, बस.

गाणं लावलं. सुरुवातीला बराच वेळ नुसता बँड. मग एक माणूस गायला लागला आणि आम्ही चौघीजणी गप्प झालो. भीती अजिबात वाटली नाही. उलट कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. आवाज मोठा नाही, ताना नाहीत, काही करून दाखवणं नाही. गाणं बोलल्यासारखं. म्हटलं ना, आडनावच बोली.

प्रोजेक्ट बाजूला राहिला आणि मी या माणसाच्या मागे लागले.

अल बोलीचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी, लोरेन्सो मार्किश या गावी. हे म्हणजे आजचं मापुटो, मोझांबिकची राजधानी. तेव्हा तिथे पोर्तुगालचं राज्य होतं, जसं गोव्यात होतं तसंच. आईवडील एक ग्रीक आणि एक लेबनीज. ऑस्ट्रेलियाला जायला निघालेल्या जहाजावर दोघं भेटले आणि ऑस्ट्रेलियाला न जाता आफ्रिकेतच राहिले. मुलगा वाढला जोहान्सबर्गला. म्हणजे ज्याला सगळं जग ब्रिटिश गायक म्हणून ओळखतं, तो वयाची तिशी गाठेपर्यंत ब्रिटनमध्ये राहायलाही आलेला नव्हता.

जोहान्सबर्गला तो न्हावीकाम करायचा. काही दिवस घोड्यांच्या शर्यतीत जॉकी होता. अशी बरीच फुटकळ कामं करता करता गिटार, बँजो, युकुलेली शिकला. कुठे संगीताचं शिक्षण वगैरे घेतल्याचं नाही. १९२० च्या दशकाच्या मध्याला एडगर अॅडलर नावाच्या पियानोवाल्याच्या डान्स बँडमध्ये त्याला जागा मिळाली आणि हा बँड दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया, भारत असं करत करत डच इस्ट इंडीजपर्यंत, म्हणजे आजच्या इंडोनेशियापर्यंत पोचला. तिथे सुराबाया शहरात अॅडलरशी त्याचं वाजलं आणि अॅडलरने त्याला काढून टाकलं. परक्या देशात, हातात एक वाद्य, आणि नोकरी गेली. (आपल्याला एक केटी लागली तरी आकाश कोसळतं, हे इथे आठवावं.)

पण गडी चिवट होता. सुराबायातच एका फिलिपिनो बँडमध्ये घुसला. तिथून कलकत्त्याला. चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलमध्ये जिमी लेक्वीमचा बँड होता, त्यात तो वाजवायचा आणि गायचा. त्यानंतर सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात. ग्रँड हॉटेल आजही आहे. कलकत्त्याच्या त्या हॉलमध्ये साहेब लोक नाचत होते आणि कोपऱ्यात बँजो घेऊन उभा असलेला हा सावळा, काळ्याभोर केसांचा माणूस पुढे काय होणार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात आवडतो. दक्षिण आफ्रिकेत, भारतात, जावामध्ये, सगळीकडे एकाच साच्याचे हॉल, एकाच साच्याची गाणी, आणि तेवढ्या जोरावर एक न्हावी अर्धं जग फिरला.

१९२७ मध्ये तो बर्लिनमध्ये होता. तिथे त्याची पहिली रेकॉर्डिंग्ज झाली. अॅडलरबरोबर गोडी झाली असावी, कारण त्यातली काही त्याच्याच बँडबरोबरची आहेत. १९२८ साली फ्रेड एलिझाल्डे या बँडलीडरने त्याला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आणलं. लंडनचं सॅव्हॉय म्हणजे त्या धंद्यातली शेवटची पायरी. आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असतानाच १९२९ ची मंदी आली, एलिझाल्डेचा बँड मोडला, आणि अल बोली लंडनच्या रस्त्यावर गाऊन पैसे मागायला लागला. हे शब्दशः घ्या. फुटपाथवर उभं राहून गाणं आणि समोर पडतील ती नाणी उचलणं. थोड्या वर्षांनी त्याने मंदीवरचं 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम' हे गाजलेलं अमेरिकन गाणं रेकॉर्ड केलं, त्यात रेल्वे आणि टॉवर बांधणारा माणूस आता रांगेत उभा राहून एक नाणं मागतोय. ते ऐकताना गाणारा अॅक्टिंग करत नाहीये हे कळतं.

इथे थोडं टेक्निकल बोलावं लागेल, माफ करा, पण त्याशिवाय हा माणूस समजणार नाही.

१९२५ पर्यंत रेकॉर्डिंग म्हणजे एक मोठा कर्णा. त्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं, तुमच्याच आवाजाच्या जोरावर पडदा हलायचा आणि सुई मेणात चर कापायची. वीज नाही, अॅम्प्लिफायर नाही. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा तोच रेकॉर्डवर टिकणार. आपल्या संगीत नाटकांचंही तसंच होतं की. माइक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं तर फेक हवी, दमसास हवा. तो काही दोष नव्हता, ती गरज होती. १९२५ ला इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग आलं. कर्ण्याच्या जागी माइक आला, मागे व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर आला, आणि आधी जेमतेम २५०० हर्ट्झपर्यंत ऐकू येणारी रेकॉर्ड ५००० च्या आसपास पोचली. हे वरचे हर्ट्झ म्हणजे काय? स, श, फ ही व्यंजनं, ओठ मिटल्याचा आवाज, श्वास. म्हणजे माणूस जवळ असल्याची सगळी चिन्हं!

पहिल्यांदाच गायकाला ओरडायची गरज उरली नाही. अमेरिकेत रूडी व्हॅली, बिंग क्रॉस्बी, इंग्लंडमध्ये अल बोली, या मंडळींनी हे ओळखलं की माइकसमोर हॉलला उद्देशून गायचंच नाही, एकाच माणसाला उद्देशून गायचं. यालाच क्रूनिंग म्हणतात. आपल्याकडे सैगलच्या आवाजातली जवळीक हीसुद्धा त्याच माइकची देणगी. बोलीने तर १९३४ मध्ये या गायकीवर एक छोटं पुस्तकही लिहिलं, म्हणजे तो नुसता नशिबाने गात नव्हता, काय करतोय याचा त्याने विचार केला होता. जुन्या वळणाच्या लोकांना मात्र हा प्रकार बायकी, लाडिक, अगदी अनैतिकसुद्धा वाटायचा. १९३२ मध्ये बॉस्टनच्या एका कार्डिनलने क्रूनर लोकांवर जाहीर तोफ डागली होती. आमच्या शाळेतल्या सिस्टर्स रेडिओ बंद करायच्या त्याचं मूळ मला फार उशिरा सापडलं.

आता परत बोलीकडे. फुटपाथवरचे दिवस १९३० च्या शेवटी संपले. रे नोबल नावाचा एक तरुण तेव्हा एचएमव्हीमध्ये, हो तीच कुत्र्याच्या चित्राची कंपनी, हलक्याफुलक्या संगीताचा प्रमुख होता. त्याने १९३० च्या नोव्हेंबरपासून बोलीला रेकॉर्डिंगला बोलवायला सुरुवात केली. पाठोपाठ १९३१ च्या मे मध्ये रॉय फॉक्सने त्याला पिकॅडिलीच्या मॉन्सेन्यूर रेस्टॉरंटमधल्या बँडमध्ये घेतलं. फॉक्स आजारी पडल्यावर तो बँड पियानो वाजवणाऱ्या ल्यू स्टोनकडे गेला. म्हणजे दिवसा नोबलबरोबर स्टुडिओत आणि रात्री मॉन्सेन्यूरमध्ये. तिथून बीबीसी थेट प्रक्षेपण करायची, त्यामुळे ज्यांना त्या रेस्टॉरंटच्या दारात कुणी उभं केलं नसतं त्यांच्याही घरात हा आवाज जायचा. पुढच्या चार वर्षांत त्याने ५०० च्या वर गाणी रेकॉर्ड केली. वर्षाला सव्वाशे! मी हिशोब दोनदा केला.

नोबल स्वतः उत्तम चाली बांधायचा. 'लव्ह इज द स्वीटेस्ट थिंग' १९३२ चं, 'द व्हेरी थॉट ऑफ यू' १९३४ चं. दोन्ही त्याचीच गाणी, दोन्ही बोलीने गायलेली. एचएमव्हीची पुढची रेकॉर्डिंग्ज १९३१ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या अॅबी रोडच्या नव्या स्टुडिओत व्हायला लागली, जिथे तीस वर्षांनी बीटल्स आले. जाता जाता, ज्या ईएमआय कंपनीचा हा स्टुडिओ, तिथेच त्या काळात अॅलन ब्लूमलाइन हा इंजिनिअर होता. १९३१ मध्ये स्टिरिओचं पेटंट त्याने दाखल केलं. आपल्या सिलॅबसमध्ये त्याचं नाव एकदाही येत नाही. १९४२ मध्ये रडारची चाचणी करताना विमान पडून तो गेला.

आता मुख्य गोष्ट. त्या काळची डान्स बँडची रेकॉर्ड ही गायकाची रेकॉर्ड नसायची. ती नाचण्यासाठी असायची. ७८ च्या वेगाची दहा इंची तबकडी, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. बँड आधी अख्खी चाल वाजवणार, मग गायक येणार, एकदा धृपद म्हणणार, की लगेच खाली बसणार, आणि पुन्हा बँड. बहुतेक वेळा ३२ बारचे खंड, म्हणजे घड्याळाने मिनिटभर. लय हलवायची नाही, कारण लोकांचे पाय त्यावर पडताहेत. आणि रेकॉर्डच्या लेबलवर बँडलीडरचं नाव ठसठशीत, त्याखाली बारीक अक्षरात फक्त गायनासह एवढंच. कोण गातोय ते अनेक लेबलांवर छापलेलंच नाही. मिळणारा पैसाही बहुधा त्या दिवसाच्या कामाचा. रेकॉर्ड किती खपली याच्याशी गायकाचा संबंध नाही.

म्हणजे बघा, एक मिनिट, ठरलेली लय, नाव नाही. एवढ्यात काय करणार माणूस?

मी त्याची पंधरा-वीस गाणी लागोपाठ ऐकली, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, कारण अभ्यास सोडून काहीही करायची तीच वेळ असते. तो लय मोडत नाही, पण शब्द किंचित मागे ठेवतो. बँड पुढे गेलेला असतो आणि हा सांगू की नको अशा विचारात अर्धा क्षण थांबल्यासारखा करून मग शब्द सोडतो. त्याच त्या चंद्र-तारे छापाच्या ओळी, ज्या दुसऱ्याच्या तोंडी ग्रीटिंग कार्डासारख्या वाटतील, त्या त्याच्या तोंडी त्याला आत्ता सुचल्यासारख्या वाटतात. बिंग क्रॉस्बी ऐकला की वाटतं हा मजेत आहे, याचं सगळं छान चाललंय. बोली ऐकला की वाटतं याला खरंच काहीतरी हवंय आणि ते मिळेल की नाही याची त्याला खात्री नाही. मला तरी हा फरक मोठा वाटतो. क्रॉस्बी थोर असेल, पण रात्री दोन वाजता जर्नल लिहिताना मी क्रॉस्बी लावत नाही.

त्याचं स्वतःचं आयुष्य त्या गाण्यांसारखं नव्हतं. १९३१ च्या डिसेंबरमध्ये लग्न केलं, ते दोन आठवड्यांत मोडलं. १९३४ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याने मार्जी फेअरलेसशी दुसरं लग्न केलं.

त्याच सुमाराला नोबलला अमेरिकेचं बोलावणं आलं. तिथल्या वादकांच्या युनियनने सगळा ब्रिटिश बँड आणायला नकार दिला, त्यामुळे नोबलने बरोबर फक्त बोली आणि ड्रमवाला बिल हार्टी यांना घेतलं. न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासाठी नवा बँड जमवून देणारा माणूस होता ग्लेन मिलर, जो पुढे स्वतः केवढा मोठा झाला! रॉकफेलर सेंटरच्या उंच मजल्यावर रेनबो रूम आहे, तिथे हा बँड वाजायचा. सुराबायात नोकरी गेलेला माणूस दहा वर्षांत तिथे पोचला. पण अमेरिकेने नोबलला ठेवून घेतलं, बोलीला नाही. नोबलला हॉलिवूडचं काम मिळालं तेव्हा तिथे गायक आधीच ठरलेला होता. १९३७ च्या जानेवारीत बोली लंडनला परतला.

आणि लंडन थांबलेलं नव्हतं. दोन-अडीच वर्षांत नवे गायक आले होते. त्याने स्वतःचा बँड काढून पाहिला, तो टिकला नाही. त्यात घसा बसला. घशात मस आली होती. ज्या माणसाचं सगळं भांडवल श्वास आणि कुजबूज, त्याच्या घशात गाठ. ऑपरेशनसाठी पुन्हा न्यूयॉर्कला जावं लागलं. आवाज परत आला, काम त्या प्रमाणात आलं नाही. मग कधी ल्यू स्टोन, कधी सिडनी लिप्टन, कधी जेराल्डो, ज्याच्याकडे मिळेल त्याच्याकडे गायचा. मला हे वाचताना वाईट वाटलं ते अपयशाचं नाही, तर त्याचं वय तेव्हा जेमतेम चाळीस होतं याचं.

युद्ध सुरू झालं. १९४० मध्ये जिमी मेसीन या गिटारवाल्याबरोबर त्याने जोडी जमवली. दोन माणसं, दोन गिटार, आणि गावोगावच्या थिएटरात कार्यक्रम. म्हणजे घूमफिर के परत सुरुवातीच्याच जागी, हातात वाद्य आणि प्रवास. २ एप्रिल १९४१ ला दोघांनी अर्विंग बर्लिनचं एक गाणं रेकॉर्ड केलं. हिटलर मरेल त्या दिवसाची वाट पाहणारं उपरोधिक गाणं आहे ते. अल बोलीचं ते शेवटचं रेकॉर्डिंग.

१६ एप्रिल १९४१ च्या संध्याकाळी हाय विकम या गावातल्या रेक्स सिनेमात त्यांचा कार्यक्रम झाला. लंडनपासून अंतर ५० किलोमीटरच्या आत. रात्री तिथेच राहा असं दोघांनाही सांगण्यात आलं होतं. बोली म्हणाला नको, आणि शेवटची ट्रेन पकडून लंडनला घरी आला. ड्यूक स्ट्रीटवरच्या ड्यूक्स कोर्टमधला फ्लॅट.

त्या रात्री लंडनवर झालेला हल्ला संपूर्ण युद्धातल्या मोठ्या हल्ल्यांपैकी एक. लोक तळघरात जायचे, तो बहुतेक अंथरुणातच होता. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी त्याच्या इमारतीबाहेर पॅराशूट माइन फुटला. हा नेहमीच्या बॉम्बसारखा जमिनीत घुसत नाही. पॅराशूटने हळूहळू उतरतो आणि जमिनीच्या वरच फुटतो, त्यामुळे स्फोटाची ऊर्जा मातीत जिरत नाही, सगळी हवेच्या लाटेत जाते. अंगावर म्हणे ओरखडासुद्धा नव्हता. खोलीचं दार त्या लाटेने बिजागरीतून उखडलं आणि त्याच्या डोक्यावर आदळलं. ध्वनी म्हणजे हवेतली दाबाची लाट, हे आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवलं होतं. मी ते वाक्य वहीत छान अधोरेखित केलंय. आता ते पान उघडावंसं वाटत नाही.

त्याला पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या स्मशानभूमीत, बॉम्बहल्ल्यात मेलेल्या इतर लोकांबरोबर एकाच सामुदायिक कबरीत पुरलं. त्याचं पूर्ण नाव अल्बर्ट अॅलिक बोली. तिथे लिहिलंय अल्बर्ट अॅलेक्स. म्हणजे लेबलवर नाव नाही आणि कबरीवर चुकीचं! मी हे वाचून चक्क हसले आणि मग माझंच मला कसंतरी झालं.

पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, बीबीसीने फार गोड गळ्याच्या क्रूनर लोकांना रेडिओवर मज्जाव करायचं धोरण आणलं. युद्धाच्या काळात लोकांचं मन मऊ होऊ नये म्हणून. त्यानंतर मोठे बँड गेले, रॉक अँड रोल आलं, ७८ च्या तबकड्या माळ्यावर गेल्या. नियमाने हा माणूस इथे संपायला हवा होता.

तसं झालं नाही, आणि गंमत म्हणजे त्याला परत आणणारे संगीतवाले नव्हते. १९७८ मध्ये नाटककार डेनिस पॉटरने बीबीसीसाठी 'पेनीज फ्रॉम हेवन' ही मालिका लिहिली. त्यातली पात्रं मध्येच थांबून १९३० च्या दशकातल्या खऱ्या रेकॉर्डवर ओठ हलवायला लागतात, आणि त्या रेकॉर्डमध्ये बोली भरपूर आहे. आपल्याला हिंदी पिक्चरमुळे त्यात काही विशेष वाटणार नाही, पण इंग्लंडमध्ये लोक चाट पडले. दोन वर्षांनी 'द शायनिंग'. कुब्रिकने त्याची दोन गाणी वापरली. पुढे लेलंड कर्बी नावाच्या इंग्लिश संगीतकाराने त्याच पिक्चरवरून 'द केअरटेकर' हे नाव घेतलं आणि २०१६ ते २०१९ या काळात सहा भागांचा, साडेसहा तासांचा एक अल्बम काढला. विषय स्मृतिभ्रंश. जुन्या डान्स बँडच्या रेकॉर्डचे तुकडे हळूहळू झिजत, विरत जातात, शेवटी नुसती खरखर उरते. त्याची सुरुवात होते ती 'हार्टएक्स' या १९३१ च्या तबकडीच्या तुकड्याने, जिच्यावर गायक आहे अल बोली. २०२० मध्ये टिकटॉकवर पोरापोरींनी हा अल्बम सलग ऐकायचं चॅलेंजच केलं. मी दुसऱ्या भागाच्या शेवटी बंद केला. तोवर मला या माणसाची ओळख झाली होती, आणि ओळखीच्या माणसाला असं पुसलं जाताना कोण बघणार?

भुताचा पिक्चर, विसरण्यावरचा अल्बम... या लोकांनी त्याला भूत करून टाकलाय अशी माझी तक्रार आहे. दुसऱ्या बाजूने विचार केला तर त्यांच्याशिवाय मला तो सापडलाच नसता. पण एकदा ते चित्र डोळ्यांपुढून काढा आणि नुसतं ऐका. तो मेलेल्या माणसासारखा गात नाही. फार जिवंत माणसासारखा गातो.

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लिश हेरिटेजने लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरच्या त्याच्या जुन्या पत्त्यावर निळी पाटी लावली. तिच्यावर त्याचं नाव आहे. बरोबर आहे.

हां, आमच्या प्रोजेक्टचं काय झालं ते राहिलंच. पद्धत सोपी होती. गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या चरात नुसती खरखर असते, तिचा स्पेक्ट्रम काढायचा आणि तेवढा सगळ्या गाण्यातून वजा करायचा. वजाबाकी झाली, आलेख एकदम झकास आला. मग हेडफोन लावले. खरखर गेली होती आणि तोही गेला होता. सूर होते, शब्द होते, पण शब्दाआधीचा तो श्वास, तो स, तो ओठांचा आवाज काही नाही. कारण गणिताच्या दृष्टीने श्वास आणि खरखर सारखेच दिसतात, दोन्ही नॉइज. आम्ही थ्रेशोल्ड कमी केला, परत थोडा कमी केला. प्रत्येक वेळी खरखर थोडी परत यायची आणि तिच्याबरोबर तो थोडा परत यायचा. शेवटी पहाटे चारला मी सांगितलं, इथेच थांबूया.

एक्स्टर्नलने फाइल ऐकली आणि विचारलं की एवढा नॉइज का ठेवलाय. मी श्वासाबद्दल सांगायला लागले, ते सगळं इंग्लिशमध्ये नीट पाठ केलं होतं, तेवढ्यात त्यांनी पुढचा ग्रुप बोलावला. २५ पैकी १७.